गाव कंचं, कुणाची लेक?

फेब्रुवारीचा दुसरा सोमवार, सकाळ, साताऱ्यातलं आमचं प्रशिक्षण केंद्र. हजर: नदीकडच्या तीन बायका, डोंगराकडच्या तीन बायका, त्यांच्यासोबत आलेले त्यांच्या सरकारी खात्याचे एक साहेब, बेदाण्याचं काम शिकवणारे आमचे सर, मिनीबसचा चालक आणि मी. गैरहजर कोणी नाही.

नदीकडच्या आणि डोंगराकडच्या, हे शब्द त्यांचेच. देश आफ्रिकेतला. नाव कुठे लिहू नका असं त्यांनी सांगितलं, म्हणून लिहीत नाही. तिथे कित्येक वर्षं आपसातलं युद्ध चाललं. बाहेरून कोणी चालून आलं नव्हतं. नदीकाठच्यांनी डोंगरातली गावं जाळली, डोंगरातल्यांनी नदीकाठची. आता युद्ध थांबलं आहे, सरकार नवं आहे, रस्ते आणि पूल नव्याने होत आहेत. माणसांना मात्र त्याच बाजारात, त्याच बसमध्ये एकमेकांशेजारी बसायचं आहे.

दोन्हीकडे आंबा भरपूर आणि दोन्हीकडे तो दरवर्षी सडतो. त्यांच्या खात्याने ठरवलं की आंबा सुकवायची एक शेड बांधायची, दोन वस्त्यांच्या मधल्या रस्त्यावर, दोघांची मिळून. वीज न वापरता वाऱ्यावर फळ सुकवण्याचं काम तासगाव भागात जसं चालतं तसं कमी ठिकाणी चालतं, म्हणून ही मंडळी आमच्याकडे आली.

पहिल्याच सकाळी साहेबांनी माझ्या टेबलासमोर बसून अट सांगितली. शक्यतो परत जाण्यापूर्वी सहाही बायकांनी एका कागदावर सही करायची, की ही शेड आम्ही एकत्र चालवू. त्यांच्याकडचा पाऊस सुरू होईपर्यंत खातं ती जागा राखून ठेवणार. तोवर सह्या झाल्या नाहीत तर शेड राजधानीजवळच्या एका ठेकेदाराला जाणार.

"सहा सह्या हव्यात," ते म्हणाले. "पाच चालणार नाहीत."

"त्या एकमेकींशी बोलतात का?" मी विचारलं.

"विमानात सहा तास एका रांगेत बसल्या होत्या."

"बोलल्या का?"

"बसल्या होत्या," ते म्हणाले.

मी कामाला लागले. कामाची बाई आहे मी. गोष्टी ओळीने मांडल्या की अर्ध्या सुटतात असा माझा अनुभव आहे. सहा जणींच्या तीन जोड्या केल्या, प्रत्येक जोडीत एक नदीकडची आणि एक डोंगराकडची. बसमधल्या जागा, खोल्या, शेडमधलं काम, सगळं त्या जोड्यांनी. साहेबांनी कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

सहा जणींपैकी दोघींवर सगळं अवलंबून होतं, हे साताऱ्यातच कळलं. डोंगराकडच्यांची म्होरकी शाळेत शिकवणारी, पन्नाशीची, चष्मा लावणारी, इंग्रजी स्वच्छ बोलणारी. तिला इथे शिक्षिका म्हणते. नदीकडच्यांची म्होरकी बाजारात मासळी विकायची. उंच, मोठ्या आवाजाची, हसरी. ती मासळीवाली. तिला इंग्रजी कामापुरतं यायचं. दोन्हीकडच्यांना समजेल अशी त्यांची एक बाजारभाषाही होती, पण ती अजून कोणी वापरली नव्हती.

बस सातारा सोडून कराडच्या दिशेने निघाली. माझ्या जोड्या पहिल्या थांब्यालाच मोडल्या. चहा पिऊन सगळ्या परत चढल्या तेव्हा डावीकडच्या बाकांवर डोंगर आणि उजवीकडच्या बाकांवर नदी. कराडच्या अलीकडच्या टोलनाक्यावर आमचा फास्टॅग चालेना. आडवा दांडा खाली, मागे गाड्यांची रांग. खाकी शर्टातला एक पोरगेला कर्मचारी खिडकीशी वाकला आणि चालकाला म्हणाला, "कुटली गाडी? कुटं चाललाय? मागं कोन हाय?" आणि त्याने मान लांब करून आत पाहिलं.

मागचं बोलणं एकदम थांबलं. मी वळून पाहिलं तर शिक्षिका ताठ बसली होती, हात मांडीवर, तळवे वर. मासळीवालीने डोकं पुढच्या बाकाला टेकवलं होतं. मला वाटलं गाडी लागली. मी सगळ्यांना आवळा सुपारी वाटली आणि वहीत लिहिलं: तासगावला उलटीच्या गोळ्या घेणे.

शेड तासगावपासून थोडी आत, द्राक्षबागांना लागून. मालक जैन शेतकरी. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही. घरात कांदा-बटाटा नाही आणि सूर्य मावळायच्या आत जेवण. पाहुण्यांची राहायची सोय त्यांच्याच नव्या घराच्या वरच्या मजल्यावर केली होती. ओळख करून देताना अण्णांनी मासळीवालीकडे पाहून विचारलं, "ह्या काय करत्यात?"

"बाजारात व्यापार करतात," मी म्हणाले.

"कशाचा?"

"नदीकाठचा माल," मी म्हणाले. सर दुसरीकडे बघून खोकले.

ज्यांनी बेदाण्याची शेड पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. लोखंडी कैच्यांवर, म्हणजे सांगाड्यांवर, एकावर एक जाळ्या ताणलेल्या असतात, मजल्यांसारख्या. द्राक्षाचे घड एका द्रावणात बुडवून काढायचे आणि जाळीवर एकेरी पसरायचे. वरून छप्पर, बाजूंनी हिरवं शेडनेट, आणि मधून वारा. जाळी रुंद असल्यामुळे एकटीचा हात पलीकडे पोचत नाही. दोघी दोन बाजूंना उभ्या राहतात आणि आपापल्या बाजूने मधोमधपर्यंत पसरत येतात. एकदा द्रावणातून निघालेला घड थांबत नाही. क्रेटमध्ये राहिला की तापतो, काळा पडतो. म्हणून शेडमध्ये रुसवेफुगवे चालत नाहीत, असं सर पहिल्याच तासाला म्हणाले होते.

आणि इथे जोड्या जमल्या. बोलायची गरज नव्हती. समोरासमोर उभं राहायचं, खाली बघायचं, हात चालवायचे. सरांनी शिक्षिका आणि मासळीवाली यांना एकाच कैचीवर ठेवलं. दोन दिवस त्या दोघींनी एक शब्द न बोलता काम केलं आणि त्यांची जाळी सगळ्यांत सारखी पसरलेली असायची. फक्त मधोमध हातभर पट्टा रिकामा राहायचा. दोघीही तिथपर्यंत येऊन थांबायच्या. सर जाता जाता तो भरून टाकत.

साहेब खूश होते. मीही.

शेडच्या दुसऱ्या टोकाला बेदाणा निवडणाऱ्या बायका बसायच्या. त्यांची मुकादमीण साठीची, तोंडाची फटकळ, सगळ्यांची आक्का. सरांनाही ती सोडायची नाही. "सर, तुमचं लगीन कवा व्हायचं वो? बेदाना वाळला, तुमी वाळलासा, पोरगी काय मिळंना."

"आक्का, तुम्हीच बघा एखादी."

"बघितली असती. पर तुमी इंग्लिश झाडायला लागलं की पळून जाईल."

तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला आक्काने पाहुण्यांना आपल्या ताडपत्रीवर बोलावून घेतलं. सहाही जणी चपला काढून बसल्या. साहेब बाहेर फोनवर होते. आक्काने कप पुढे केले, बेदाण्याची मूठ प्रत्येकीच्या हातावर ठेवली आणि शिक्षिकेच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "गाव कंचं गं बाई तुजं? कुणाची लेक? बाचं नाव काय?"

आपल्याकडे याहून साधा प्रश्न नाही. कोणाच्याही घरी जा, पाण्याच्या आधी हा येतो. मी तो इंग्रजीत सांगितला, हसत हसत, तिन्ही भाग नीट: गाव कोणतं, कोणाची मुलगी, वडिलांचं नाव.

शिक्षिकेने कप खाली ठेवला. हातावरचे बेदाणे ताडपत्रीवर ठेवले, सांडले नाहीत, ठेवले. मग ती उठली आणि चपला हातात घेऊन अनवाणीच शेडबाहेर गेली. तिच्यामागे बाकीच्या दोघी डोंगराकडच्या. नदीकडच्या तिघी बसून राहिल्या, माना खाली.

"काय झालं वो?" आक्का म्हणाली. "मी काय वंगाळ बोलले?"

मी बाहेर गेले तर तिघी बसमध्ये जाऊन बसल्या होत्या. शिक्षिका खिडकीतून म्हणाली, "आम्हाला साताऱ्याला परत न्या. तिथून आम्ही घरी जाऊ."

"काय चुकलं ते तरी सांगा."

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली, आणि तिने काच ओढून घेतली.

साहेबांनी मला अण्णांच्या पायरीवर बसवून सांगितलं. युद्धाच्या वर्षांत प्रत्येक रस्त्यावर नाके होते. बांबू आडवा टाकलेला, बाजूला हत्यारं घेतलेली पोरं. बस थांबवायची आणि एकेकाला विचारायचं: तुझं गाव कोणतं, तुझ्या बापाचं नाव काय. नावावरून माणूस कुठला ते कळायचं. उत्तर त्या नाक्याच्या बाजूचं असेल तर बसमध्ये राहायचं. नसेल तर खाली उतरायचं.

"दोन्हीकडचे नाके?" मी विचारलं.

"दोन्हीकडचे. फक्त प्रश्न सारखा." त्यांनी बसकडे पाहिलं. "शिक्षिकेच्या नवऱ्याला असंच उतरवलं. नदीवरच्या पुलाच्या नाक्यावर. पुढे काय झालं ते कोणी सांगितलं नाही. तो परत आला नाही एवढंच."

मला टोलनाका आठवला. आवळा सुपारीही आठवली.

पाच वाजले. अण्णांच्या घरी पानं वाढून तयार होती. सूर्य काही कोणासाठी थांबत नाही. नदीकडच्या तिघी आल्या आणि पानाला हात न लावता बसल्या. डोंगराकडच्या तिघी बसमध्येच. त्यांचं जेवण मी डब्यात भरून नेलं, डबा दारात ठेवून आले. साहेब अंगणात येरझारा घालत होते. दर फेरीला माझ्यासमोर थांबून विचारत, "आता?"

अण्णा अस्वस्थ होते. "मॅडम, आक्कानं मुद्दाम न्हाई इचारलं. आपल्यात इचारत्यातच की. त्यात काय एवडं?"

सर पायरीवर बसले होते. सर बौद्ध आहेत, याच तालुक्यातले. इतक्या वर्षांत ही गोष्ट आम्ही कधी बोललो नव्हतो, कारण कामात तिची गरज पडली नव्हती. ते म्हणाले, "अण्णा, तुम्हाला कोणी गाव-आडनाव विचारलं की तुम्ही सांगता आणि चहा येतो. मला विचारलं की मी सांगतो आणि आधी बघतो, कप कोणता येतोय."

अण्णांच्या बायकोने स्वयंपाकघराचं दार हळूच लोटलं.

"माझ्या घरात कवा असं झालंय का?" अण्णा म्हणाले. आवाज चढला होता.

"नाही झालं. म्हणून तर इथे येतो."

"मग?"

"पण पहिल्यांदा आलो तेव्हा विचारलं होतं तुम्ही."

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "इचारलं हुतं," ते म्हणाले. "तुमी काय सांगितलं?"

"मी कॉलेजचं नाव सांगितलं."

अण्णांना हसू यायला हवं होतं, आलं नाही. सरांनाही नाही. थोड्या वेळाने अण्णा उठले, आत गेले आणि स्वतःच्या हाताने सरांसाठी पाणी घेऊन आले. सर ते प्यायले. एवढंच झालं. ते दोघं त्यावर पुन्हा बोलले की नाही मला माहीत नाही.

डोंगराकडच्या तिघी त्या रात्री बसमध्येच झोपल्या. चालक अण्णांच्या ओसरीवर. मी साताऱ्याला फोन करून सकाळी दुसरी गाडी मिळेल का ते पाहिलं, मिळत होती. तशी नोंद केली, पण गाडी बोलावली नाही.

सकाळी मी बसकडे निघाले तेव्हा आक्का माझ्याआधी तिथे पोचली होती. डोक्यावर पदर, हातात काही नाही. सरांनी तिला सगळं सांगितलं होतं. दारातला डबा रिकामा, धुतलेला होता. ते मला बरं वाटलं.

"मॅडम, मी बोलते ते तिला सांगा," आक्का म्हणाली. "पर मधी तुमचं काय घालू नगा."

तिने काचेवर बोटांनी टकटक केलं. काच सरकली नाही. आक्का तशीच काचेकडे बघत बोलायला लागली. आधी स्वतःचं नाव. मग बापाचं. मग माहेरचं गाव, सासरचं गाव. ती नावं मी इथे गाळते, पण तिने एकही गाळलं नाही. बाप गवंडी होता. सासू मारायची. नवरा दारूने गेला. पुरात घर गेलं तेव्हा ज्यांच्या शाळेत आसरा घेतला त्यांनी पहिल्या दिवशी भाकरी दिली आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, तुमी कुटल्या, कंदी जानार. हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तशा सुरात बोलली. मी वाक्यावाक्याने इंग्रजी करत गेले. एके ठिकाणी ती म्हणाली, "मी बी नदीकडचीच हाय," आणि मी अडले. मग "कृष्णेच्या काठची" असं सांगितलं. मधे काही घालू नका म्हणाली होती. बदलू नका म्हणाली नव्हती.

शेवटी आक्का म्हणाली, "काल मी आदी इचारलं. आदी सांगायला पायजे हुतं. आता सांगितलं. तू न्हाई सांगितलंस तरी चालतंय. पर चा पिऊन जा. काल कप तसाच टाकून गेलीस, मला झोप न्हाई."

काच सरकली. शिक्षिकेने चष्मा पुसला आणि माझ्याकडे नाही, आक्काकडे बघत म्हणाली, "नाक्यावर विचारणाऱ्याने स्वतःचं नाव कधी सांगितलं नाही. हिला सांगा. ही पहिली."

मी सांगितलं.

"मग उतर की खाली," आक्का म्हणाली.

ती उतरली. गावाचं नाव तिने सांगितलं नाही, आक्कानेही पुन्हा विचारलं नाही. दोघींनी शेडच्या दाराशी उभ्या उभ्या चहा घेतला. साहेब मला म्हणाले, "झालं. आता सह्या होतील." मला तसं वाटत नव्हतं, पण माझ्याकडे त्यांच्यापेक्षा चांगला अंदाज नव्हता.

शेडमध्ये सकाळचा माल आला होता. घड द्रावणातून निघत होते आणि हात कमी होते. सरांनी जोड्यांची भाषा सोडून दिली. "ज्यांना जिथे उभं राहायचं तिथे राहा, फक्त क्रेट रिकामे करा." बाकीच्या चौघी आपापल्या बाजूने दोन कैच्यांवर गेल्या. उरली एकच जाळी. तिच्या एका बाजूला मासळीवाली आधीच उभी होती. शिक्षिका दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी दोन क्रेट ओढून दिले आणि साहेबांशेजारी थांबले.

थोडा वेळ हात चालले. मग मासळीवाली बोलायला लागली, बाजारभाषेत. तिचा मोठा आवाज बारीक झाला होता. साहेब दचकले. मग हलक्या आवाजात मला सांगत गेले.

"ती स्वतःचं नाव सांगतेय." थोड्या वेळाने, "बापाचं." आणि मग ते थांबले.

"आता?"

"गाव," साहेब म्हणाले. "तिने हे सांगायला नको होतं. ते पुलाजवळचं गाव आहे."

शिक्षिकेचे हात थांबले. हातातल्या घडातून द्रावण तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पलीकडच्या कैच्यांवरचे हातही एकेक करून थांबले. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, क्रेटकडे पाहिलं.

शिक्षिकेने एक प्रश्न विचारला.

"पुलावर कोण उभं होतं, विचारतेय," साहेब म्हणाले.

मासळीवालीने मान वर केली नाही. "आमच्या गावची पोरं. माझा भाऊ."

"काय म्हनत्यात?" आक्काने ताडपत्रीवरून विचारलं. मी हाताने गप्प राहायची खूण केली.

"माझ्या नवऱ्याला तिथे उतरवलं," शिक्षिका म्हणाली.

"मला माहीत नाही. रोज बस यायची. भाऊ घरी येऊन काही बोलायचा नाही. मी जेवायला वाढायची, तो जेवायचा."

"जिवंत आहे?"

"आहे. नव्या रस्त्यावर खडी फोडतो. कोणाला काही सांगत नाही."

साहेबांनी इथे दोन वाक्यं सोडली. ती कोणती हे मी नंतरही विचारलं नाही. मला वाटलं आता शिक्षिका हातातला घड तिच्या तोंडावर फेकेल. नदीकडची एक बाई जागेवरून हलली आणि मासळीवालीच्या मागे येऊन उभी राहिली. त्याबरोबर डोंगराकडच्या दोघी शिक्षिकेच्या मागे. मध्ये रुंद जाळी आणि तिच्यावर अर्धे घड. अण्णा दारात आले होते. त्यांना एक शब्द कळला नव्हता, तरी ते तिथेच थांबले.

शिक्षिकेने घड खाली ठेवला. नीट, एकेरी, बाकीच्यांच्या ओळीत. मग ती सावकाश बोलली, वर्गात बोलावं तशी, आणि साहेबांनी ते मला शब्दशः सांगितलं, पुढे कागदावरही उतरवून घेतलं.

"तुझ्या भावाला सांग. मी त्याच्यासमोर उभी राहीन. आधी मी माझं नाव सांगेन, बापाचं सांगेन, गाव सांगेन. मग तो सांगेल. मग मी त्याला विचारेन, माझ्या नवऱ्याला कुठे पुरलं. त्याने जागा दाखवली तर मी सही करीन. शेड मला हवी आहे. माझ्या गावातले आंबेही सडतात. पण जागा कळल्याशिवाय मी तुझ्यासमोर रोज उभी राहू शकत नाही."

"तो नाही म्हणाला तर?" मासळीवालीने विचारलं.

"तर दोन शेड. नाहीतर एकही नाही."

मासळीवालीने ओले हात पुसले. मग म्हणाली, "मी सांगीन त्याला. पण तो आला तर तुमच्याकडचं कोणी त्याला काही करणार नाही, हे तू सांग."

शिक्षिकेने मागे वळून आपल्या दोघींकडे पाहिलं. त्या दोघी जाळीकडे बघत राहिल्या. "मी माझं सांगू शकते," ती म्हणाली. "माझ्या दिरांचं नाही."

सरांना आता राहवेना. "मॅडम, त्यांना सांगा, माल तापतोय."

मी सांगितलं. बोलण्याच्या मधे हे बोलणं किती वाईट दिसलं असेल ते माहीत आहे, पण माल तापत होता. दोघींनी खाली पाहिलं आणि हात चालू केले. मधला पट्टा त्या दिवशीही रिकामा राहिला. सरांनी भरला.

उरलेले दिवस आम्ही ठरलेलं सगळं शिकवलं: गंधकाची धुरी, वाळलेला माल झटकणं, प्रतवारी, पेटीत भरणं. ते त्या चांगलं शिकल्या. साहेब मात्र बदलले. रोज सकाळी मला बाजूला घ्यायचे. "तुम्ही यजमान आहात. तुमचं ती ऐकेल. सही आत्ता घ्या, भावाचं नंतर बघू."

"नंतर कोण बघणार?"

"खातं."

"मग खात्याने आजवर का नाही पाहिलं?"

त्यांना राग आला. साहजिक होतं. सहा सह्या नेल्या नाहीत तर त्यांची बदली कुठे होईल हे त्यांना ठाऊक होतं. एका सकाळी त्यांनी कागद शिक्षिकेसमोर नाश्त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि पेन उघडून धरलं. तिने पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत दिलं. उरलेल्या पाच सह्या झाल्या होत्या.

शेवटच्या दिवशी सांगलीला गेलो. माधवनगर मागे टाकून पेठेत, जाळीच्या दुकानात. शेडसाठीची नायलॉनची जाळी इथूनच पाठवायची असं ठरलं होतं, कारण त्यांच्याकडे मिळते ती उन्हात कुजते. दुकानदाराने गुंडाळी फरशीवर सोडली. सहाही जणींनी वाकून हात लावून पाहिलं. पोत पसंत पडला.

"मापं सांगा," दुकानदार म्हणाला. "एका शेडची सलग देऊ, का दोन लहान शेडची तोडू? मोठ्या कैचीला रुंद पन्हा लागतो, लहानीला अरुंद. एकदा तोडली की परत घेत न्हाई, आत्ताच सांगतो."

"एक," साहेब म्हणाले.

दुकानदाराचा प्रश्न मी इंग्रजीत सांगितला होता, साहेबांचं उत्तर सांगायची गरज नव्हती. त्यांनी ते इंग्रजीतच म्हटलं होतं. शिक्षिका जाळीवरचा हात न काढता म्हणाली, "आत्ता कापू नका." मासळीवाली तिच्या शेजारी उकिडवी बसली होती. तिने मान हलवली, होकाराची. त्या दोघी एका गोष्टीवर एका बाजूने बोलल्या असं मी तेव्हाच पाहिलं.

दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी म्हणाले, "ऑर्डर नोंदवून ठेवा. माप कळवते."

"कवा?"

"कळवते."

साताऱ्याहून त्यांना निरोप दिला तेव्हा आक्काने पाठवलेली बेदाण्याची पिशवी मी शिक्षिकेच्या हातात दिली. बसमध्ये डावीकडे तीन आणि उजवीकडे तीन.

मार्चअखेर साहेबांचा निरोप आला: सगळ्या सुखरूप पोचल्या, मासळीवालीने भावाला सांगितलं. तो ऐकून घेऊन उठला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला, एवढंच. पुढच्या निरोपात: तो दोन दिवस कामावर आला नाही, मग आला. शिक्षिका दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी पुलापर्यंत येते, थांबते, परत जाते. तिचे दीरही आता सोबत यायला लागले आहेत, हे साहेबांना पसंत नाही. मलाही नाही. भाऊ अजून पुलावर आलेला नाही. नकारही दिलेला नाही.

काल साहेबांचा फोन होता. तिकडे ढग दिसायला लागले आहेत. आंबे पिकले आहेत.

आज सकाळी जाळीवाल्याचाही फोन आला. "मॅडम, गुंडाळी गोडाऊनमध्ये जागा अडवून बसलीय. एक का दोन, तेवडं सांगा." मी त्याला पुढच्या सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं. आधीचा सोमवारही मीच सांगितला होता. आजच्या कामांतली बाकीची सगळी झाली. जाळीचं माप कळवणं राहिलं आहे.